शेततळ्यातल्या रोहूची किल्ली शोधणारे बर्नार्डो उसाय

सातारा-सांगलीकडच्या लोकांना शेततळं काही नवीन नाही. तासगाव, जतच्या बाजूला द्राक्षबागेसाठी पाणी साठवतात आणि काही शेतकरी त्यातच रोहू, कटला, मृगळ सोडतात. आता एक गंमत बघा. हे मासे तळ्यात मस्त वाढतात, मादीच्या पोटात अंडीही तयार होतात, पण ती अंडी घालत नाही. मत्स्यबीज दरवेळी बाहेरून आणावं लागतं. असं का?

इशारा पोचतच नाही

पावसाळ्यात नदीला पूर आला की माशाच्या मेंदूतून पिट्युटरी नावाच्या इवल्याशा ग्रंथीला इशारा जातो. ही ग्रंथी रक्तात हार्मोन सोडते. हार्मोन शरीरभर फिरतं, पण ज्या पेशींवर त्याचा रिसेप्टर आहे तिथेच काम करतं. तुमच्या फोनचं लॉक तुमच्याच बोटाने उघडतं ना, अगदी तसंच!

अंडाशयातल्या पेशींवर असे रिसेप्टर असतात. एफएसएच हे हार्मोन अंडी वाढवतं, तर एलएच ती पिकवून बाहेर सोडायला लावतं. इन्सुलिनशी साम्य असलेले ग्रोथ फॅक्टरही या कामात मदत करतात. साचलेल्या तळ्यात पुराचा इशारा मिळत नाही, त्यामुळे एलएच पुरेसं सुटत नाही. कुलूप तयार आहे, फक्त किल्ली नाही.

ही किल्ली बाहेरून देता येते, ही वाट अर्जेंटिनाच्या बर्नार्डो उसाय यांनी दाखवली.

चौदाव्या वर्षी फार्मसी

उसाय यांचा जन्म १० एप्रिल १८८७ चा, ब्युनोस आयर्सचा. आपल्याकडे पोरं शाळेत असतात त्या वयात, म्हणजे १४ व्या वर्षी, त्यांनी फार्मसीला प्रवेश घेतला. पुढे ते डॉक्टर झाले आणि त्यांचा प्रबंधही पिट्युटरीवरच होता. १९१९ मध्ये ते मेडिकल कॉलेजात शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले. कुत्रे आणि बेडकांच्या जातीचे भेक यांच्यावर प्रयोग करून त्यांनी दाखवलं की रक्तातल्या साखरेवरही पिट्युटरीचा ताबा असतो.

१९३० मध्ये त्यांनी थेट पिलांना जन्म देणारे छोटे मासे घेतले आणि त्यांना दुसऱ्या माशाच्या पिट्युटरीचं इंजेक्शन दिलं. पिलं वेळेआधीच बाहेर आली! काही वर्षांतच ब्राझीलमधल्या संशोधकांनी हीच युक्ती वापरून नदीतल्या माशांकडून अंडी घालून घेतली.

नोकरी गेली, काम नाही

१९४३ मध्ये देशात लष्करी राजवट आली. लोकशाहीची मागणी करणाऱ्या पत्रकावर उसाय यांनी सही केली आणि विद्यापीठाने त्यांना काढून टाकलं. परदेशातून बोलावणी येत होती, पण ते गेले नाहीत. देणगीच्या पैशातून त्यांनी सहकाऱ्यांसोबत खासगी संस्था उभी केली आणि तिथे काम चालू ठेवलं. १९४७ मध्ये साखरेवरच्या संशोधनासाठी त्यांना नोबेल मिळालं, तेव्हाही ते विद्यापीठाबाहेरच होते. तिथे सन्मानाने परतायला १९५५ साल उजाडलं. १९५८ मध्ये देशाच्या विज्ञान परिषदेची धुरा त्यांच्याकडे आली. २१ सप्टेंबर १९७१ ला त्यांचं निधन झालं.

आपल्याकडे कधी आलं?

१० जुलै १९५७ ला ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी पिट्युटरीचं इंजेक्शन देऊन आपल्या कार्प माशांचं प्रजनन घडवून आणलं. म्हणूनच १० जुलैला राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन असतो. त्याआधी बीज नदीतून गोळा करावं लागे, आणि त्यात नको ते मासेही मिसळून येत.

सुरुवातीला मेलेल्या माशांच्या डोक्यातून ग्रंथी काढून अर्क बनवायचे. आता तयार इंजेक्शन मिळतं. त्यात मेंदूच्या इशाऱ्याची नक्कल असते, सोबत डोपामिनचा ब्रेक सोडवणारं औषध. मग माशाची स्वतःची पिट्युटरीच एलएच सोडते आणि काही तासांत मादी अंडी घालते.

त्यातून मत्स्यजिरे निघतात आणि ते वाढून मत्स्यबोटुकली होते. पुढच्या वेळी शेततळ्यात बोटुकली सोडताना पाहाल, तेव्हा नोकरी गेली तरी प्रयोगशाळा न सोडणाऱ्या या माणसाची आठवण ठेवा. आणि माहिती आवडली तर शेततळंवाल्या मित्राला नक्की पाठवा!