जहांगीरचा बाण आणि नगरचा मलिक अंबर

डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात एक मुघल चित्र आहे. मोबाइलवर शोधा, लगेच सापडेल. बादशहा जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून बाण मारतोय. समोर भाल्यावर खोचलेलं एका काळ्या माणसाचं मुंडकं आणि त्यावर घुबड. साधारण १६१६ सालचं, अबुल हसन या दरबारी चित्रकाराचं हे काम. मुंडकं कुणाचं? आपल्या नगरच्या निजामशाहीचा कारभारी मलिक अंबर याचं. आणि हे असं कधी घडलंच नाही!

अंबर मूळचा इथिओपियाचा. जन्म १५४८ च्या सुमारास, नाव बहुधा चापू. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला. बगदादच्या मालकाने त्याला शिकवलं आणि अंबर हे नाव दिलं. पुढे दख्खनमध्ये त्याला विकत घेतलं निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने, जो स्वतःच कधीकाळी हबशी गुलाम होता. अमेरिकेतल्या मळ्यांवर गुलामाचं पोरही गुलामच राहायचं. इथे तलवार चालली तर माणूस वर चढू शकायचा. पण म्हणून ही गुलामगिरी सौम्य होती असं समजू नका. त्या पोराचं घर, भाषा, नाव, सगळंच गेलं होतं.

चंगेजखान वारला आणि अंबर मोकळा झाला. १६०० मध्ये मुघलांनी नगरचा भुईकोट किल्ला घेतला. निजामशाही संपली, असं कुणालाही वाटलं असतं. अंबरने परांड्याला दुसऱ्या मुर्तझाला गादीवर बसवलं, स्वतःची मुलगी त्याला दिली आणि पुढची पंचवीसेक वर्षं मुघलांना झोप लागू दिली नाही. मराठा घोडेस्वार घेऊन रसद तोडायची, छापा घालायचा नि पसार व्हायचं. १६१० मध्ये त्याने खडकी वसवलं, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर.

रणात हाती लागेना, म्हणून बादशहाने त्याला कागदावर मारलं. चित्रावरच्या फारसी ओळीही त्याला रंगावरून हिणवतात. आज अमेरिकेत कारा वॉकर काळा कागद कातरून गुलामगिरीची दृश्यं भिंतीवर उभी करते, बघणाऱ्याला अस्वस्थ करते. अबुल हसनचं चित्रही अस्वस्थ करतं, फक्त इथे कुंचला मालकाच्या बाजूचा आहे.

आता दुसरं चित्र शोधा. हाशिमने काढलेलं, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातलं. पांढरा तलम जामा घातलेला वयस्क, भारदस्त अंबर. रंग तोच काळा, पण ना घुबड, ना भाला.

१६२४ मध्ये नगरजवळच्या भातोडीला त्याने मुघल आणि आदिलशाही फौजा एकत्रच लोळवल्या. शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले, त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच पडले. अंबर गेला १६२६ मध्ये, ऐंशीच्या घरात, मुघलांच्या हाती न लागता. वेरूळला जाल तेव्हा वाटेत खुलताबादला उतरा. त्याची कबर तिथे आहे.