कमवा आणि शिका : हातात खोरं आणि पाटी देणारे कर्मवीर अण्णा

संगमनेर : बारावीचा निकाल लागला की गावोगावी एकच चर्चा, पोरगं आता काय करणार? शेतीत नको, असं आईबापच सांगतात. पण शेतातलं काम आणि शिक्षण एकत्र जोडून हजारो गरीब मुलांना उभं करणारा एक माणूस आपल्या महाराष्ट्रात होऊन गेला. कर्मवीर भाऊराव पाटील. ९ मे ही त्यांची पुण्यतिथी.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजला झाला. घराणं जैन शेतकऱ्याचं. कोल्हापूरच्या वसतिगृहात असताना जातीचा विटाळ मानायला त्यांनी नकार दिला, म्हणून त्यांना तिथून काढून टाकलं. ते मॅट्रिक काही झाले नाहीत. पुढे साताऱ्यात शिकवण्या घेतल्या, किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत गावं पालथी घातली. नांगर विकता विकता त्यांना दिसलं, की शेतकऱ्याचं पोर शाळेपासून लांबच आहे.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ ला साताऱ्यात वसतिगृह सुरू झालं. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एका पंगतीत जेवायची. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला राजर्षी शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं.

फुकट मात्र काही नव्हतं. मुलांनी शेतात राबायचं, खडी फोडायची, स्वयंपाकही आपणच करायचा आणि त्यावर शिकायचं. हीच ती कमवा आणि शिका योजना. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल याच तत्त्वावर उभं राहिलं. १९४७ ला छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं.

या कामाची किंमत घरानं मोजली. वसतिगृहात धान्य संपलं तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही मोडलं. १९३० मध्ये त्या वारल्या. संस्था मोठी झालेली त्यांना बघायला मिळाली नाही.

१९५९ ला भाऊरावांना पद्मभूषण मिळालं आणि त्याच वर्षी ते गेले. वडाचं झाड हे संस्थेचं बोधचिन्ह. त्याच्या पारंब्या आपल्या जिल्ह्यातही रुजल्या. श्रीरामपूरचं बोरावके कॉलेज, कोपरगावचं एसएसजीएम कॉलेज रयतचंच.

आता माझंच सांगतो. बारावी झालो, पण फवारणीच्या पंपाला औषधाचं माप किती, हे कुणी हातात धरून शिकवलं नव्हतं. पहिल्याच वर्षी मात्रा जास्त झाली आणि टोमॅटोची पानं करपली. तो धडा महागात पडला. आजही ड्रिपमधून खत सोडणं, डाळिंबाची छाटणी, गायीच्या चाऱ्याचा हिशोब ही कामं जाणणारा हात शोधावा लागतो. अशा हाताला मजुरीही चांगली मिळते.

राहुरीचं कृषी विद्यापीठ आपल्या जिल्ह्यातच आहे, बाभळेश्वरला कृषी विज्ञान केंद्र आहे. सुट्टीत पोराला तिथं पाठवा, नाहीतर शेजारच्या चांगल्या शेतकऱ्याच्या वावरात दोन महिने कामाला लावा, मजुरी घेऊन. शिकलेल्या पोराच्या हाताला माती लागली तर कमीपणा येत नाही, हे अण्णांनी शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिलं आहे.