तुपाच्या थेंबाखाली प्लेगचा जंतू ओळखणारे हाफकिन

कोरीट : थुंकी तपासायला दिली की लॅबवाला उद्या या, परवा या म्हणतो आणि आपण वैतागतो. पण जंतू ओळखणं किती जिकिरीचं असतं ते कळायला वाल्देमार हाफकिन यांची गोष्ट ऐका. मुंबईत परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची.

जन्म १८६० चा, ओडेसा शहरातला, ज्यू घरातला. पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९३ ला भारतात आले. १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग निघाला. मूळ गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो पहिल्यांदा ओळखला. सरकारने हाफकिन यांना बोलावलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात जागा मिळाली ती एवढीशी, हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई.

प्लेगचा जंतू आखूड दांडीसारखा. पण तसे दिसणारे जंतू ढिगाने, नुसतं सूक्ष्मदर्शकात बघून खात्री होईना. मग त्यांनी बकऱ्याच्या मटणाचं पाणी घेतलं, वर साजूक तुपाचे थेंब सोडले, त्यात जंतू वाढवले. भांडं अजिबात हलवायचं नाही. काही दिवसांनी तुपाखालून वडाच्या पारंब्यांसारखे धागे लोंबायचे. पारंब्या दिसल्या म्हणजे प्लेगचाच जंतू! आपल्या चुलीवरचं तूप असं कामाला आलं. हेच जंतू तापवून, मारून लस बनली. १० जानेवारी १८९७ ला पहिली सुई त्यांनी स्वतःला टोचून घेतली.

पुढे घात झाला. ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबात मुलकोवाल गावी १०७ जणांना लस दिली. त्यातले १९ जण धनुर्वाताने गेले, सगळे एकाच बाटलीतले. ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला, हाफकिन यांना कामावरून दूर केलं.

धनुर्वाताचा जंतू माती-शेणात असतो, एका टोकाला फुगीर, ढोलाच्या टिपरूसारखा. ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करता परत वापरला, असं तपासात निघालं. शिवाय हा जंतू आधीच बाटलीत वाढला असता तर उघडताना घाण वास आला असता. तसा आला नव्हता. मलेरियावाले रोनाल्ड रॉस त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं.

परत आले ते कलकत्त्याला. मुंबईची प्रयोगशाळा त्यांच्या हाती पुन्हा आली नाही. तिला त्यांचं नाव मिळालं १९२५ मध्ये. १९३० ला स्वित्झर्लंडात लोझान इथे ते वारले.