सलीम अली आणि म्हशीच्या पाठीवरचा पक्षी

चरणाऱ्या म्हशी तुम्ही पाहिल्या असतील. म्हशीच्या पायांजवळ पिवळ्या चोचीचा एक पांढरा पक्षी फिरत असतो. कधी कधी तो ऐटीत तिच्या पाठीवरही बसतो. त्याला गायबगळा म्हणतात. म्हैस त्याला हाकलत नाही. असे का बरे?

म्हैस गवतातून चालू लागली की गवतात दडलेले नाकतोडे आणि किडे घाबरून बाहेर उड्या मारतात. बगळा ते चटकन टिपतो. त्याचे भक्ष्य शोधण्याचे कष्ट वाचतात. म्हशीच्या अंगावरच्या माश्या आणि गोचिडीही तो कधी कधी खातो. दुभंगलेल्या शेपटीचा काळा कोतवाल तर म्हशीच्या पाठीवर बसून उडते किडे हवेतच पकडतो. या दोस्तीत पक्ष्यांचा फायदा जास्त असला, तरी म्हशीचे नुकसान काहीच नाही.

अशा गोष्टी बारकाईने पाहण्यात ज्यांनी सारे आयुष्य घालवले, त्या डॉ. सलीम अली यांची ही ओळख आहे.

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. दहा भावंडांत ते सर्वांत धाकटे होते. ते एक वर्षाचे असताना वडील वारले आणि तीन वर्षांचे असताना आईही गेली. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतल्या घरी त्यांना प्रेमाने वाढवले.

लहानपणी सलीमला छर्ऱ्याच्या बंदुकीने चिमण्या मारण्याचा नाद होता. एकदा मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर त्याला पिवळा ठिपका दिसला. ही कोणती चिमणी? मामांनाही सांगता येईना. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या संस्थेत पाठवले. संस्थेचे सचिव मिलार्ड यांनी त्या मुलाला चिमणीचे नाव सांगितले आणि जतन करून ठेवलेले शेकडो पक्षीही दाखवले. एका लहानशा प्रश्नाने सलीमच्या आयुष्याची वाट बदलली.

ती वाट सोपी नव्हती. त्यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. १९२६ मध्ये त्यांना मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, नोकरी मिळाली. पुढे ते जर्मनीला जाऊन पक्षिशास्त्र शिकून आले. परत येऊन पाहतात तो नोकरी गेलेली! पण ते खचले नाहीत. पत्नी तहमीना बेगम यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीम गावी राहायला गेले. तेथे त्यांनी सुगरण पक्ष्याची घरटी तासन्‌तास पाहिली. नर अर्धवट घरटे विणतो, मादीला ते पसंत पडले तरच ते पूर्ण होते आणि मग नर दुसरे घरटे विणायला घेतो, हे त्यांनी स्वतः पाहून लिहिले. या लेखामुळे त्यांचे नाव झाले.

१९३९ मध्ये तहमीना बेगम वारल्या. हे दुःख मोठे होते. तरीही त्यांचे काम थांबले नाही. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक निघाले. पुढे रिप्ली या अमेरिकन शास्त्रज्ञाबरोबर त्यांनी भारत आणि पाकिस्तानातील पक्ष्यांवर दहा खंडांचा ग्रंथ लिहिला. १९७६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले.

आता राजस्थानातल्या भरतपूरला जाऊ या. तेथे केवलादेव नावाचा उथळ पाण्याचा मोठा प्रदेश आहे. हिवाळ्यात दूरदूरच्या देशांतून हजारो पक्षी तेथे येतात. स्वातंत्र्यानंतर हे पाणी काढून तेथे शेती करावी, अशी मागणी झाली. तेव्हा सलीम अलींनी पंडित नेहरूंकडे शब्द टाकला आणि पक्ष्यांचे घर वाचले.

पण तेथे आसपासच्या गावांतल्या म्हशीही चरत. म्हशींमुळे पक्ष्यांना त्रास होतो, असे पुष्कळ जाणकारांना वाटे. सलीम अलीही त्यांतलेच होते. हे ठिकाण राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ मध्ये तेथे गुरे चारण्यास बंदी झाली. गावकऱ्यांची गुरे त्याच गवतावर जगत होती. ते चिडले. संघर्ष झाला, गोळीबार झाला आणि काही गावकऱ्यांचे प्राण गेले.

मग पक्ष्यांचे भले झाले का? सलीम अलींच्याच संस्थेने १९८० पासून तेथे दहा वर्षांचा अभ्यास चालवला होता. त्यात वेगळेच दिसले. म्हशी गेल्या आणि पाण्यात गवत माजले. मोकळे पाणी झाकले गेले. बदकांना पोहायला जागा कमी पडू लागली. म्हशी गवत खाऊन पाणी मोकळे ठेवत होत्या. त्यांच्या शेणाने पाण्यातल्या जिवांचे पोषण होत होते. ज्यांना पक्ष्यांचे शत्रू समजले, त्या म्हशी त्यांच्या मदतनीस निघाल्या! पुढे गावकऱ्यांना हाताने गवत कापून नेण्याची परवानगी मिळाली. पण गेलेले जीव काही परत आले नाहीत.

हा अभ्यास पूर्ण होण्याआधी, २० जून १९८७ रोजी, मुंबईत सलीम अलींचे निधन झाले. त्यांच्या संस्थेने मात्र खरे काय ते लपवले नाही. आपल्या सर्वांत मोठ्या माणसाचा अंदाज चुकला, हे त्या अभ्यासातून दिसत होते. तरीही संस्थेने तो लोकांपुढे ठेवला.

मुलांनो, सलीम अलींचे मोठेपण याने कमी होत नाही. नीट पाहावे, दिसेल ते लिहावे आणि पुराव्यापुढे आपले मत बाजूला ठेवावे, हाच धडा किहीमच्या सुगरणीपासून त्यांनी इतरांना दिला होता. पण कोणाची रोजीरोटी बंद करण्याआधी पाहणी पुरी व्हायला हवी, हे भरतपूरने शिकवले. त्या म्हशींमागे रोज फिरणाऱ्या गुराख्यांनाही कोणी आधी विचारायला हवे होते.

पुढच्या वेळी म्हशीजवळ गायबगळा दिसला, तर थोडा वेळ थांबा. तो काय करतो ते पाहा आणि वहीत लिहा. मग त्या म्हशीच्या मालकालाही दोन प्रश्न विचारा. कदाचित पुस्तकात नसलेले काही तो तुम्हांला सांगेल.