मतदारसंघाची रेष आणि बाबासाहेब

नाहूरच्या एका बाजूला भांडुप, दुसऱ्या बाजूला मुलुंड. १९५० साली मुंबईची हद्द या बाजूला भांडुपपर्यंत आली, मुलुंड आत आले ते १९५७ मध्ये. हद्दीवर राहणे म्हणजे काय, हे इथल्या जुन्या लोकांना सांगावे लागत नाही. आजही प्रभागरचना बदलली की आपली वस्ती कुठे गेली, याची चर्चा आधी विहारात होते. महापालिकेचे प्रभाग २२७ की २३६, हा वाद तर उच्च न्यायालयापर्यंत गेला.

बाबासाहेबांचे चरित्र आपण महाड, पुणे करार, राज्यघटना आणि धम्मदीक्षा या टप्प्यांनी सांगतो. मतदारसंघाच्या रेषेशी त्यांनी आयुष्यभर घातलेली झुंज त्यात राहून जाते.

१९१९ मध्ये साऊथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली तेव्हा ते २७ वर्षांचे होते. प्रश्न तोच होता: संख्येने कमी असलेल्या समाजाचा खरा प्रतिनिधी निवडून कसा येणार? १९३२ च्या पुणे कराराने जागा वाढल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेला. मग लढाई मतदानाच्या पद्धतीवर आली. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बहुसदस्यीय मतदारसंघ होते आणि मतदाराला आपली सगळी मते एकाच उमेदवाराला देता येत. भायखळा-परळमध्ये बाबासाहेबांनी काँग्रेसचे उमेदवार, नामवंत क्रिकेटपटू पी. बाळू यांचा पराभव केला: १३,२४५ विरुद्ध ११,२२५. समाज एकवटला तर जिंकू शकतो, हे त्या पद्धतीने दाखवले.

१९४६ मध्ये ते घटना समितीत गेले ते बंगालमधून. वर्षभरात फाळणीची रेष पडली आणि ते सदस्यत्वच संपले. जुलै १९४७ मध्ये मुंबईतून पुन्हा निवडून यावे लागले. नकाशावरची एक रेष काय करते, याचा अनुभव त्यांनी स्वतःच घेतला.

मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांच्या हातून जी राज्यघटना झाली, तिच्या अनुच्छेद ३२९ ने मतदारसंघांच्या सीमांचा कायदा न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवला. निवडणुकीला आव्हान द्यायचे तर निवडणूक याचिकेनेच. (याच अनुच्छेदाच्या आधारे १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उज्जैनच्या राखीव जागेचा वाद फेटाळला.)

आणि पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत याचिका करण्याची वेळ खुद्द त्यांच्यावर आली. मुंबई शहर उत्तर हा दोन जागांचा मतदारसंघ होता, एक जागा राखीव. प्रत्येकाला दोन मतपत्रिका मिळत, पण त्या वेगवेगळ्या उमेदवारांच्या पेट्यांत टाकायच्या. दोन्ही एकाच पेटीत पडल्या तर एक बाद. १९३७ चा नियम उलटला होता. काँग्रेसचे नारायण काजरोळकर जिंकले, बाबासाहेब सुमारे १४ हजार मतांनी हरले. समाजवादी पक्षाचे अशोक मेहताही त्याच मतदारसंघात पडले होते. दोघांनी मिळून याचिका केली. ७४,३३३ मते बाद होऊन मोजणीतून वगळली गेली, हा त्यांचा मुद्दा. बाद मतांचा आकडा पराभवाच्या फरकाच्या पाचपट होता! कम्युनिस्टांनी दुसरे मत वाया घालवण्याचा प्रचार केला, हाही आक्षेप होता. निकाल मात्र बदलला नाही. बाबासाहेब राज्यसभेत गेले, १९५४ मध्ये भंडाऱ्याची पोटनिवडणूकही हरले.

या पराभवांकडे काहीजण लोकप्रियतेचा प्रश्न म्हणून पाहतात. मला ते पटत नाही. १९३७ आणि १९५२ मध्ये माणूस तोच होता, शहर तेच होते. फरक मोठा होता तो नियमाचा.

खुद्द बाबासाहेबांचे यावरचे उत्तर १९५५ च्या भाषावार राज्यांवरील पुस्तकात आहे, आणि आपल्याकडे ते फारसे वाचले जात नाही. एकसदस्यीय मतदारसंघांऐवजी दोन किंवा तीन सदस्यांचे मतदारसंघ करावेत आणि मते एकवटण्याची मुभा द्यावी, असे त्यांनी सुचवले. भाषावार राज्यांत अल्पसंख्याकांना वाटणारी भीती त्याने दूर होईल, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. १९६१ मध्ये संसदेने दोन सदस्यांचे मतदारसंघ कायद्याने रद्द केले. ती सूचना पुस्तकातच राहिली.