पाचगणीचा होस्टेलवाला

आमच्या विंगमध्ये रात्री अकरानंतर एक फोल्डर हमखास वाजतो. मेटॅलिकाचा 'गॅरेज इंक.'. १९९८ साली आलेला दोन सीडींचा संग्रह, एकूण २७ ट्रॅक, आणि सगळी गाणी दुसऱ्यांची! मिसफिट्स, डिस्चार्ज, मोटरहेड, डायमंड हेड... पंक आणि मेटल एकाच पातेल्यात. दुसऱ्या सीडीवरची काही तर १९८७ साली घाईघाईतच उरकलेली. गुळगुळीतपणा औषधालाही नाही. मेसच्या वरणानंतर झणझणीत शेवभाजी लागावी, तसं वाटतं ऐकताना.

याच गर्दीत 'स्टोन कोल्ड क्रेझी' नावाचं सव्वादोन मिनिटांचं गाणं आहे. श्वास घ्यायला जागा नाही असं. मला ते मेटॅलिकाचंच वाटायचं. शोधलं तेव्हा कळलं, मूळ गाणं क्वीनचं, १९७४ सालच्या अल्बममधलं, आणि ते गाणारा पोरगा आपल्या महाराष्ट्रातल्या होस्टेलमध्ये वाढलेला. फ्रेडी मर्क्युरी!

खरं नाव फारोख बुलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार. घराणं पारशी, मूळ गुजरातेतलं. आडनाव पडलं ते बुलसार, म्हणजे आजच्या वलसाडवरून. वडील ब्रिटिश सरकारच्या नोकरीत कॅशियर. पोराला चांगलं शिक्षण मिळावं म्हणून त्यांनी त्याला आठव्या वर्षी समुद्रापार पाठवलं, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. आपण पहिल्या आठवड्यात धुळ्याची एस.टी. दिसली तरी रडवेले होतो. याचं घर बोटीने गाठायचं! सुट्ट्यासुद्धा बऱ्याचदा मुंबईच्या नातेवाइकांकडे जायच्या.

तिथेच फारोखचा फ्रेडी झाला. पियानो शिकला, टेबल टेनिस आणि बॉक्सिंग खेळला. बाराव्या वर्षी पाच पोरांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी शाळेच्या कार्यक्रमात वाजवायची. म्हणजे यांचाही कारभार दुसऱ्यांच्या गाण्यांवरच. आणि गंमत अशी, की मुख्य गायक फ्रेडी नव्हताच. तो पियानोवर. रेडिओवर एकदा ऐकलेलं गाणं जसंच्या तसं वाजवायचा, असं सांगतात.

१९६३ मध्ये तो झांझिबारला परतला. पुढच्याच जानेवारीत तिथे क्रांती झाली, कत्तली झाल्या, आणि बुलसारा कुटुंबाला जीव वाचवून इंग्लंड गाठावं लागलं. लंडनजवळ फेल्टमला ते राहिले. फ्रेडीने ईलिंगच्या कॉलेजात ग्राफिक डिझाइनचा डिप्लोमा केला, केन्सिंग्टन मार्केटमध्ये जुन्या कपड्यांचा स्टॉल लावला, एकदोन बँड बदलले आणि १९७० मध्ये ब्रायन मे व रॉजर टेलर यांच्याबरोबर क्वीन सुरू केला.

आता आपल्या ब्रँचवाल्यांसाठी थोडं अवांतर. ब्रायनची गिटार त्याने वडिलांबरोबर घरीच बनवलेली. जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड, मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा! १९७१ मध्ये आलेला जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा. कचऱ्यात सापडलेल्या सर्किट बोर्डापासून त्याने केलेला छोटा अँप्लिफायर क्वीनच्या रेकॉर्डिंगमध्ये वापरला गेला.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे, 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी', लाइव्ह एड वगैरे. पण पंकवाल्यांना हा ऑपेरा, हा रेशमी थाट डोळ्यांत खुपायचा. १९७७ मध्ये लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत क्वीन आणि सेक्स पिस्टल्स शेजारी शेजारी रेकॉर्डिंग करत होते. पिस्टल्सचा सिड व्हिशस आत घुसून बॅलेवरून टोमणा मारून गेला म्हणे. फ्रेडीने त्याच्या नावाचीच फिरकी घेऊन त्याला वाटेला लावलं. मला वाटतं सिडने तीन वर्षांपूर्वीचं ते सव्वादोन मिनिटांचं गाणं ऐकलेलं नसावं.

मेटॅलिकाने मात्र ऐकलं होतं. त्यांचं स्वतःचं पहिलं गाणं १९८२ च्या 'मेटल मॅसकर' या कॉम्पिलेशनवर आलं, आणि त्यात बँडच्या नावाचं स्पेलिंगही चुकीचं छापलं होतं. १९९० मध्ये एलेक्ट्रा कंपनीने चाळिशीनिमित्त संग्रह काढला. कंपनीच्या नव्या कलाकारांनी जुनी गाणी म्हणायची. मेटॅलिकाने 'स्टोन कोल्ड क्रेझी' उचललं. १९९१ मध्ये त्याला मेटलचं ग्रॅमी मिळालं.

त्या वर्षी फ्रेडी खंगत चालला होता. एड्स झाल्याचं त्याने जवळच्यांपलीकडे कोणाला सांगितलं नव्हतं. २३ नोव्हेंबरला जाहीर केलं, दुसऱ्या दिवशी गेला. वय ४५. आयुष्यभर ज्या घरगुती गोष्टींबद्दल तो फार बोलला नाही, त्या शेवटी आल्याच. पारशी धर्मगुरूंनी अवेस्तातल्या प्रार्थना म्हणत त्याला निरोप दिला.

२० एप्रिल १९९२ ला वेम्बली स्टेडियमवर त्याच्या स्मरणार्थ कार्यक्रम झाला. ब्रायन, रॉजर, जॉन मागे उभे, जोडीला ब्लॅक सबाथचा टोनी आयोमी, आणि माइकवर मेटॅलिकाचा जेम्स हेटफिल्ड. गाणं अर्थातच तेच.

आमच्या रूमवर ते रोज संपतं, आणि लगेच पुढचं पंकचं सुरू होतं. मग शेजारच्या रूममधून भिंतीवर बुक्की बसते.