डोळा खोटी साक्ष देतो तेव्हा: सहाव्या मज्जातंतूचं कोडं आणि सर्जन हार्वे कुशिंग

सतत डोकं दुखतंय, उलट्या होतायत आणि एकाचे दोन दिसतायत, असं म्हणणारा पेशंट आज दवाखान्यात आला तर डॉक्टर आधी एमआरआय किंवा सीटी स्कॅन करायला सांगतात. पण १९०५ च्या सुमारास यातलं काहीच नव्हतं. क्ष-किरणांचा शोध लागला होता, पण त्यात हाडं दिसायची, मेंदू नाही. गाठ कुठे आहे हे सर्जनला पेशंटच्या चालण्यावरून, बोलण्यावरून आणि डोळ्यांवरून ओळखावं लागायचं. अंदाज चुकला तर कवटी भलत्याच बाजूला उघडली जायची, आणि पेशंटला दुसरी संधी मिळेलच याची खात्री नसायची.

अशा काळात ज्यानं मेंदूच्या शस्त्रक्रियेला स्वतंत्र शाखा म्हणून उभं केलं, त्याचं नाव हार्वे कुशिंग.

दहावं अपत्य, चौथी पिढी

कुशिंगचा जन्म ८ एप्रिल १८६९ रोजी अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात झाला. दहा भावंडांत तो सगळ्यात धाकटा. वडील, आजोबा, पणजोबा सगळे डॉक्टर. येल विद्यापीठात त्यानं अभ्यासाबरोबर बेसबॉलचं मैदानही गाजवलं, आणि १८९५ मध्ये हार्वर्डमधून डॉक्टर होऊन बाहेर पडला.

शिकत असतानाच त्याला एक मोठा धक्का बसला. त्या काळी भूल द्यायचं काम विद्यार्थ्यांकडे असायचं. कुशिंग ईथर देत असताना एक पेशंट दगावला. असं होतंच, म्हणून बाकीच्यांनी तो विषय सोडून दिला. कुशिंगला मात्र ते विसरता येईना. त्यानं आणि त्याचा मित्र अर्नेस्ट कॉडमननं ऑपरेशन चालू असताना नाडी आणि श्वास यांची नोंद ठेवणारा तक्ता तयार केला. आज प्रत्येक ऑपरेशनमध्ये असा तक्ता भरला जातो.

पुढे १९०१ मध्ये त्यानं इटलीतल्या पाव्हिया इथे रिव्हा-रोच्ची यांचं रक्तदाब मोजायचं यंत्र पाहिलं आणि ते अमेरिकेत नेलं. त्याच युरोप दौऱ्यात स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात प्रयोग करताना त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. कवटीच्या आतला दाब वाढत गेला की शरीर रक्तदाब वाढवतं आणि नाडी मंदावते. ही धोक्याची घंटा आजही त्याच्या नावानं ओळखली जाते.

कवटीतला दाब हाच त्याच्या पुढच्या आयुष्याचा विषय ठरला. आणि या दाबाची एक विचित्र खूण डोळ्यात दिसायची.

सहावा मज्जातंतू काय करतो?

मेंदूतून थेट निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्या आहेत. त्यातल्या सहाव्या जोडीकडे एकच काम आहे: डोळा बाहेरच्या बाजूला, म्हणजे कानाकडे वळवणं. त्यासाठी तो डोळ्याचा एकच स्नायू चालवतो.

हा मज्जातंतू लुळा पडला की तो स्नायू ढिला होतो आणि डोळा नाकाकडे ओढला जातो. माणसाला एकाचे दोन दिसायला लागतात. ही दोन चित्रं एकमेकांच्या शेजारी दिसतात, वर-खाली नाही. लांबचं बघताना आणि दुखऱ्या बाजूला बघताना त्रास वाढतो. एक डोळा झाकला की दोनाचं पुन्हा एक होतं. दुहेरी दिसू नये म्हणून बरेच जण नकळत मान त्याच बाजूला वळवून बसतात.

गाठ एकीकडे, खूण दुसरीकडे

साधा तर्क सांगतो की जो मज्जातंतू लुळा पडला, त्याच्या जवळच गाठ असणार. पण लंडनच्या जेम्स कॉलियर यांनी १९०४ मध्ये दाखवून दिलं की मेंदूच्या गाठींमध्ये काही खुणा चक्क खोटी साक्ष देतात. सहाव्या मज्जातंतूचा लुळेपणा त्यातला मुख्य. गाठ मेंदूच्या वरच्या भागात असली तरी तळाशी असलेला हा मज्जातंतू बंद पडू शकतो. कधी तर गाठीच्या विरुद्ध बाजूचा, कधी दोन्ही बाजूंचे.

असं का होतं, हे कुशिंगनं शवविच्छेदनात शोधलं. गाठीमुळे कवटीतला दाब वाढला की मेंदू खाली ढकलला जातो. मेंदूच्या तळाशी असलेल्या मोठ्या रक्तवाहिनीच्या आडव्या फांद्या या मज्जातंतूवरून जातात. मेंदू दाबला गेला की त्या फांद्या दोरीसारख्या मज्जातंतूत रुततात. काही मेंदूंमध्ये त्याला या दाबाचे खोल वळ दिसले. हा शोधनिबंध १९१० मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात आला.

आज डॉक्टर मानतात की रक्तवाहिनीचा फास हे त्यामागचं एकमेव कारण नाही. हा मज्जातंतू मेंदूच्या तळापासून वर चढतो, कवटीच्या तळाशी असलेल्या हाडाच्या टोकावरून वळतो आणि मग डोळ्याकडे जातो. वाटेत तो पक्का जखडलेला असतो. मेंदू खाली सरकला की तो ताणला जातो. त्याचा मार्ग सगळ्यात लांब असतो म्हणून असं होतं, असं अनेकदा सांगितलं जातं. पण चौथा मज्जातंतू याहून लांब आहे. खरी अडचण लांबीची नाही, वळणाची आणि जखडलेपणाची आहे.

त्या काळच्या सर्जनसाठी याचा अर्थ सरळ होता. फक्त वाकडा डोळा पाहून कवटी उघडायची नाही. त्या खुणेवरून दाब वाढल्याचं कळू शकतं, गाठीचा पत्ता लागेलच असं नाही.

हजारो ऑपरेशनं आणि कडक माणूस

१९१० मध्येच कुशिंगनं अमेरिकन लष्कराचे जनरल लिओनार्ड वूड यांच्या मेंदूवरची गाठ काढली. वूड पुन्हा कामावर रुजू झाले आणि कुशिंगचं नाव सर्वदूर पोहोचलं. गाठ परत वाढल्यावर १९२७ मध्ये त्यानंच पुन्हा ऑपरेशन केलं, पण वूड वाचले नाहीत.

रक्तस्राव थांबवण्यासाठी त्यानं चांदीच्या छोट्या क्लिपा वापरल्या. १९२६ मध्ये विल्यम बोव्ही यांच्या विद्युत उपकरणानं गाठी कापायला सुरुवात केली. १९३१ पर्यंत त्याच्या गाठींच्या ऑपरेशनांचा आकडा २००० वर गेला. मेंदूच्या ऑपरेशननंतरचं मृत्यूचं प्रमाण त्यानं १० टक्क्यांच्या खाली आणलं.

स्वभाव मात्र कठोर होता. सहकारी आणि नर्स त्याला वचकून असत. १९२६ च्या जूनमध्ये थोरला मुलगा विल्यम मोटार अपघातात गेल्याची बातमी आली, त्या दिवशीही त्यानं ठरलेलं ऑपरेशन पूर्ण केलं. त्याच वर्षी गुरू विल्यम ऑस्लर यांच्या चरित्रासाठी त्याला पुलित्झर पुरस्कार मिळाला. नोबेलसाठी नाव अनेकदा सुचवलं गेलं, पण ते मिळालं नाही.

७ ऑक्टोबर १९३९ रोजी हृदयविकारानं त्याचं निधन झालं. शवविच्छेदनात कुशिंगच्या स्वतःच्या मेंदूत एक छोटी द्रवानं भरलेली गाठ सापडली. आयुष्यभर इतरांच्या गाठी शोधणाऱ्याला तिचा पत्ताच नव्हता. त्यानं जपलेले मेंदूंचे नमुने आजही येल विद्यापीठात पाहायला मिळतात.

मग आज डोळा असा वळला तर?

प्रत्येक वेळी गाठच असते असं अजिबात नाही. पन्नाशीपुढच्या माणसात मधुमेह किंवा उच्च रक्तदाबामुळे बारीक रक्तवाहिन्या बिघडणं हे नेहमीचं कारण आहे. असा लुळेपणा बहुतेक वेळा तीन ते सहा महिन्यांत आपोआप सुधारतो. तोपर्यंत डोळ्यावर पट्टी किंवा चष्म्यात प्रिझम देतात. कायम राहिलेल्या तिरळेपणासाठी ऑपरेशन करता येतं.

बाकीची कारणं म्हणजे डोक्याला मार, क्षयरोगाचा किंवा दुसरा मेंदूज्वर, कानातून हाडात पसरलेला संसर्ग, दारूच्या व्यसनातली ब-१ जीवनसत्त्वाची कमतरता, रक्तवाहिनीला आलेला फुगा. पाठीतून पाणी काढल्यावर कवटीतला दाब फार कमी झाला, तरीही हाच मज्जातंतू बिघडू शकतो.

एकाचे दोन अचानक दिसू लागले तर थांबू नका. सोबत डोकेदुखी, उलट्या, ताप, तोल जाणं किंवा हातापायात कमजोरी असेल, किंवा त्रास लहान मुलाला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. खूण खोटी साक्ष देत असली, तरी ती विनाकारण आलेली नसते. हेच कुशिंगनं शंभरहून अधिक वर्षांपूर्वी दाखवून दिलं.